दीड जीबीचा मुनीम

रात्रीचे साडेअकरा वाजले की आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा दिवा लागतो. तिथले काका जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. मार्चअखेरीला निधी परत जाऊ नये म्हणून तो कुठे ना कुठे खर्ची टाकायचा, ही त्यांची हयातभराची सवय. ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. फरक एवढाच, की आता मार्चअखेर रोज रात्री येते. दिवसाच्या दीड जीबीतले सातशे-आठशे एमबी तसेच पडून असतात आणि बाराच्या ठोक्याला ते लॅप्स होणार असतात.

मग काका डाउनलोडला बसतात. आधी कीर्तनाचा पूर्वरंग, मग उत्तररंग, कुठल्याशा किल्ल्याचं ड्रोनवरून केलेलं चित्रण, गुडघेदुखीवरचे व्यायाम आणि एवढं करूनही काही उरलंच तर थालीपीठ कसं लावायचं याचा व्हिडिओ. काकू गेली चाळीस वर्षं रोज त्यांच्या डोळ्यांदेखत थालीपीठ लावतात, हा मुद्दा वेगळा. एकदा काकूंनी विचारलं, "अहो, हे सगळं बघणार कधी?"

"बघायचं कुणी म्हटलंय? वाया जायला नको."

किती वाया जाणार आहे, हे काकांना अगदी एमबीपर्यंत ठाऊक असतं. फोनच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक हिरवं वर्तुळ आहे आणि त्यात आकडा झळकतो. हे वर्तुळ सिमकार्डाच्या कंपनीचं नाही, फोन बनवणाऱ्याचंही नाही. पुतण्याने दिवाळीत कुठलंसं ॲप टाकून दिलं, त्याचं आहे. ते कुणी केलं, कुठल्या गावातून चालतं, फुकट का देतात, यातलं काहीही काकांनी विचारलेलं नाही. ज्या माणसाने उभ्या नोकरीत तीन सह्या असल्याशिवाय चहापाण्याचं व्हाउचर पास केलं नाही, त्याने आपला अख्खा फोन एका वर्तुळाच्या हवाली केला आहे.

तसं पाहिलं तर मोबाइलचा हिशेब ठेवणं आपल्याला नवं नाही. ३१ जुलै १९९५ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला आणि देशात मोबाइल सुरू झाला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर पडायचा, आणि आलेल्या फोनचेही पैसे लागायचे. म्हणजे बोलायची हौस समोरच्याची आणि भुर्दंड आपल्याला. पुढे २००३मध्ये आलेले फोन फुकट झाले, पण मिनिटाचा पल्स राहिला. एकसष्टावा सेकंद उजाडला की दुसऱ्या मिनिटाचे पैसे कापले जायचे. त्यातून अठ्ठावन्न सेकंदांत अख्खं बोलणं उरकायची एक कला या देशात जन्माला आली. "पोचलो, गाडी लेट होती, आत्या बऱ्या आहेत, लाडू मिळाले, ठेवतो." लग्न ठरल्याची बातमी, मुलाची नोकरी, हुंड्याला नकार आणि जेवणाचा मेनू एवढं सगळं एका पल्समध्ये बसवणारी माणसं मी पाहिली आहेत.

ज्यांना पल्सही परवडत नसे ते मिस्ड कॉल देत. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे येताना कोथिंबीर आण. चौथ्या रिंगला समोरच्याने चुकून उचलला की घरात दोन दिवस अबोला. २००९च्या सुमारास सेकंदावर पैसे आकारायची टूम निघाली आणि ही सगळी विद्या लयाला गेली.

त्या दिवसांत फोन ठेवला की पडद्यावर आपोआप पाटी यायची: या कॉलचे इतके पैसे, शिल्लक इतकी. ती वाचायची, मनातल्या मनात वजाबाकी करायची, दहा पैशांनी चुकली तर कंपनीच्या नावाने बोटं मोडायची आणि कामाला लागायचं. मधे कुणी तिसरा नव्हता. मग ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, आणि महिन्याचा एक जीबी पुरवून पुरवून वापरणाऱ्या देशाला वर्षभरात दिवसाला एक जीबी मिळायला लागला. गंमत बघा, चणचण होती तेव्हा हिशेब आपला आपण ठेवत होतो. सुबत्ता आल्यावर मुनीम ठेवला.

याला कारणही आहे. मिनिट घड्याळात दिसतं. एमबी कुठेच दिसत नाही. दिवसभर गुळगुळीत 'शुभ सकाळ' पाठवत बसलं तरी पाच-पंचवीस एमबीवर भागतं, आणि चांगल्या दर्जाचा सिनेमा तासभर बघितला की दिवसाचा दीड जीबी सहज आटोपतो. खर्चाचा श्रमाशी काही संबंधच नाही. त्यातून फोन खिशात गप्प पडलेला असताना आतली ॲपं परस्पर अद्ययावत होतात, फोटो कुठल्याशा ढगात चढतात आणि सकाळी साडेआठला, दात घासून होतायत तोवर, एसएमएस येतो की आपला पन्नास टक्के डेटा वापरून झाला. हा एसएमएस पाठवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. पन्नास टक्के, नव्वद टक्के, शंभर टक्के, असा तिन्ही वेळा येतो. पण तो येतो कुठे, तर कर्ज घ्या, प्लॉट घ्या, रमी खेळा आणि तुमचं केवायसी संपलंय असं सांगणाऱ्या गर्दीत. नव्वद टक्क्यांचा निरोप वाचेपर्यंत शंभराचा येऊन बसलेला असतो, आणि वेग ६४ केबीपीएसवर उतरलेला असतो. त्या वेगाने एक फोटो उघडेपर्यंत तो पाठवणाऱ्याचा वाढदिवस उलटून जातो.

कंपनीचं स्वतःचं ॲप असतं की, असं कुणी म्हणेल. असतं. ते उघडून बघावं एकदा. पहिल्यांदा एक माणूस क्रिकेटची बॅट घेऊन अंगावर येतो. त्याला बाजूला सारलं की मालिका, मग सोन्यात गुंतवणूक, मग एक चाक येतं, ते फिरवलं की बक्षीस म्हणून पिझ्झ्यावर सवलत. आपण शिल्लक बघायला आलो होतो हे आपल्याला आठवेपर्यंत आपण एका प्रश्नमंजूषेत तिसऱ्या फेरीला पोचलेलो असतो. शिल्लक खाली असते, बारीक अक्षरात, 'रिचार्ज करा' या भल्यामोठ्या बटणाच्या सावलीत. गिऱ्हाइकाला शिल्लक चटकन दिसावी असं विकणाऱ्याला का वाटेल?

अशा वैतागलेल्या क्षणी तो तिसरा येतो. त्याचं चिन्ह सुबक असतं, नावात 'मॅनेजर' किंवा 'मॉनिटर' असतं, आणि खाली पाचपैकी साडेचार तारे.

असं ॲप फोनमध्ये शिरतं कसं, हे मी आमच्या मावशीकडे अगदी शेजारी बसून पाहिलं आहे. तिचा भाचा, म्हणजे माझा मावसभाऊच, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घराण्यातले सगळे फोन त्याच्याच अखत्यारीत.

"मावशी, हे टाकतो गं तुझ्या फोनमध्ये. डेटा किती उरला ते सांगेल."

"पैसे?"

"फुकट आहे."

"मग टाकच."

ॲप उतरलं आणि एकेक चौकट उघडायला लागली. संपर्क वाचण्याची परवानगी द्यायची का? मावशी म्हणाली, "डेटा मोजायला माझ्या नणंदेचा नंबर कशाला?" भाचा म्हणाला, "सगळेच मागतात गं." दिली. एसएमएस वाचण्याची परवानगी? "वाचू दे की. त्यात काय, सगळे बँकेचेच असतात." दिली. ठिकाण? "नाशिक सांग." फोटो? "सगळे बाप्पाचे आहेत. बघू दे, तेवढंच पुण्य." शेवटी एक मोठी चौकट आली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हे ॲप तुमच्या फोनमधून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या नेटवर्क रहदारीवर लक्ष ठेवू शकतं, विश्वास असेल तरच होकार द्या. अँड्रॉइड एवढ्या परखडपणे सहसा बोलत नाही. मावशी चष्मा पुसून वाचायला लागली, तोवर भाच्याने 'ठीक आहे' दाबूनही टाकलं. "हे वाचायचं नसतं गं, दाबायचं असतं."

सगळं पार पडलं. वर्तुळ फिरलं. आकडा आला: आजचा वापर ० एमबी. घरात वायफाय होतं.

दोन दिवसांनी, घराबाहेर असताना, मावशीचा डेटा नेहमीपेक्षा लवकर संपायला लागला. कारण साधं होतं. वर्तुळाला हात लावला की आधी तीस सेकंदांची चित्रफीत लागायची, एखाद्या रत्नं जुळवायच्या खेळाची, आणि ती झाल्यावर आकडा दिसायचा. मावशी दर तासाला आकडा बघत होती. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

आता हा मुनीम मोजतो कसा ते बघू. बहुतेक वेळा तो मोजतच नाही. फोन स्वतःच्या वायरलेस खिडकीतून किती बाइट आत आले आणि किती बाहेर गेले याची नोंद आपली आपण ठेवत असतो, कुठल्या ॲपने किती खाल्ले त्याच्या तपशिलासकट. सेटिंगमध्ये चार ठिकाणी बोट लावलं की ती सगळी यादी समोर येते. मुनीम परवानगी मागून तीच यादी वाचतो आणि हिरव्या वर्तुळात घालून आपल्याला दाखवतो. दुसरा प्रकार अधिक उद्योगी. तो व्हीपीएन उभारतो, म्हणजे आपल्या फोनचा सगळा पाणीपुरवठा आपल्या टाकीतून वळवून घेतो आणि मग मोजतो. मावशीकडे आला तो हा.

पण दोघांचा आकडा कंपनीच्या आकड्याशी जुळत नाही. कंपनी मोजते ते तिच्या नेटवर्कवर. तिथून निघालेलं आणि वाटेत लिफ्टमध्ये हरवल्यामुळे पुन्हा पाठवलेलं, असंही त्यात धरलं जाऊ शकतं. शिवाय प्लॅनमधल्या खाचाखोचा बाहेरच्या माणसाला कुठून कळणार? काही प्लॅनमध्ये फाइव्ह-जी मोकळं असतं, ते दीड जीबीत मोजतच नाहीत. काहींमध्ये रात्री बारानंतर काही तास सगळं माफ. काका एकदा ठाण्याला मुलीकडे गेले. तिथे फाइव्ह-जी जोरात. संध्याकाळी वर्तुळ लालभडक झालं आणि त्यात वजा साडेतीन जीबी अशी शिल्लक दिसायला लागली. काकांनी रात्रभर फोन बंद ठेवला. सरकारी नोकरीत ओव्हरड्राफ्ट कधी काढला नव्हता.

दोन हिशेब न जुळणं तसं जुनंच आहे. घरोघरी दुधाचा हिशेब कॅलेंडरवर असतो. ज्या दिवशी रतीब आला नाही त्या चौकटीत आई बारीक अक्षरात 'दू. ना.' लिहिते, एकादशी आणि संकष्टी यांच्या मधल्या जागेत. महिनाअखेरीला दूधवाला आपली वही काढतो, आई कॅलेंडर काढते, दोघांत दीड लिटरचा फरक निघतो, गणपतीत पाहुणे आले तेव्हाचं जादा दूध निघतं, थोडी हुज्जत होते आणि अर्धा लिटर सोडून व्यवहार मिटतो. मिटतो, कारण वह्या दोन असतात आणि आईची वही आईच्या भिंतीवर असते. आता समजा, एखादा परका गृहस्थ आला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? दू. ना. मी लिहीत जाईन. फुकट. फक्त घराची किल्ली द्या, म्हणजे दूध किती आलं ते मला फ्रीज उघडून बघता येईल. आणि हो, फ्रीज उघडलाच तर भाजी काय आणलीत, औषधं कुठली घेता, तेही जरा लिहून ठेवीन." आई त्याला कुठला झाडू दाखवेल, ते सांगायला नको. बरं, एवढं करून त्याचं कॅलेंडर दूधवाला मानतच नाही. मोबाइलच्या ग्राहकसेवेला फोन लावून "पण माझ्या वर्तुळात तर सातशे एमबी दिसतायत" असं सांगून बघा. पलीकडची मुलगी फार गोड आवाजात सांगते, "सर, आमच्या सिस्टिममध्ये शून्य आहे."

औषधं लिहून ठेवण्याची गोष्ट मी तिखटमीठ लावून सांगतोय असं वाटेल. तर ओनाव्होची गोष्ट ऐका. २०१० साली इस्रायलमध्ये ही कंपनी निघाली. तेव्हा परदेशातही डेटा महाग, आणि हिचं ॲप डेटा वाचवून द्यायचं, शिवाय कुठलं ॲप किती खातं ते चित्र काढून दाखवायचं. लोकांना आवडलं. २०१३मध्ये फेसबुकने ही कंपनी विकत घेतली. आता जगभरच्या गप्पा मारायच्या धंद्यात बसलेल्या कंपनीला लोकांच्या एमबीची एवढी काळजी का वाटावी? तर लाखो लोकांचे फोन मुनिमाच्या नजरेखाली असले की कुठलं ॲप किती जण उघडतात, दिवसातून किती वेळा उघडतात, कुणाचा भाव चढतोय आणि कुणाचा उतरतोय हे घरबसल्या कळतं. फेब्रुवारी २०१४मध्ये फेसबुकने एकोणीस अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप घ्यायचं ठरवलं तेव्हा, एवढे पैसे कशाला, म्हणून जग चकित झालं होतं. डिसेंबर २०१८मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने फेसबुकची काही अंतर्गत कागदपत्रं प्रसिद्ध केली. त्यांत ओनाव्होच्या माहितीवरून काढलेले आलेख होते आणि आलेखांत व्हॉट्सॲप होतं.

नंतर ओनाव्हो 'प्रोटेक्ट' झालं, म्हणजे रक्षण करणारं. ॲपलने ऑगस्ट २०१८मध्ये आपल्या दुकानात असलं रक्षण चालणार नाही असं सांगितल्यावर ते तिथून निघालं, २०१९मध्ये सगळीकडेच बंद झालं. प्रकरण तिथे मिटलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने खटला भरला आणि जुलै २०२३मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. कारण असं, की तुमची माहिती सुरक्षित ठेवतो म्हणून गाजावाजा केला, पण ती आम्ही आमच्या धंद्यासाठी वापरतो हे नीट सांगितलं नाही. ऑस्ट्रेलियात ते दोन लाख सत्तर हजारांहून अधिक वेळा उतरवलं गेलं होतं. त्यातही एखाद्या मावशीने "वाचू दे की" म्हटलं असणारच.

हा काही एकटाच नग नव्हे. माय डेटा मॅनेजर नावाचं लोकप्रिय ॲप बनवणारी कंपनी २०१५मध्ये ॲप ॲनीने घेतली, आणि ॲप ॲनीचा व्यवसायच मुळी कुठलं ॲप किती चालतं याचे अंदाज कंपन्यांना विकण्याचा होता. गूगलनेही २०१७च्या अखेरीला डेटाली नावाचा मुनीम काढला होता. दोन वर्षांत त्याला घरी पाठवलं. आपल्याकडची गोष्ट तर त्याहून रंजक आहे. दक्षिण कोरियातल्या एका कंपनीने भारतात ट्रूबॅलन्स आणलं. प्रीपेडची शिल्लक सोप्या आकड्यात दाखवायची, एवढंच त्याचं काम. कंपन्यांचे शिलकीचे निरोप कुणाला कळत नसत, त्यामुळे ते धो धो चाललं. आज ट्रूबॅलन्स कर्ज देतं. यात बेकायदा काही नाही, पण शिल्लक विचारायला आलेल्याला कर्ज विकावं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माणसाची नस बरोबर सापडली, हे कबूल करायला हवं.

यातली खरी गोम एसएमएसमध्ये आहे, आणि मावशी नेमकी तिथेच उदार झाली. शिल्लक वाचायची म्हणून एसएमएस वाचायची परवानगी दिली, की कंपनीचा निरोप तेवढा वाचून बाकीच्यांकडे पाठ फिरवायची, असं काही यंत्राला येत नाही. त्याच पेटीत बँकेचा ओटीपी येतो, पगार जमा झाल्याचं येतं, हप्ता चुकल्याचंही येतं. गूगलने २०१८च्या अखेरीला नियम केला की ज्या ॲपचं मुख्य काम एसएमएस किंवा कॉल हे नाही, त्याने, काही अपवाद सोडता, ही परवानगी मागायची नाही. पुष्कळ मुनीम त्यामुळे बेकार झाले. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२२मध्ये कर्ज देणाऱ्या ॲपना बजावलं की गिऱ्हाइकाची संपर्कयादी, फोटो आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. म्हणजे त्याआधी काय चाललं होतं याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा. अर्थात अनोळखी दुव्यावरून परस्पर उतरवलेल्या ॲपला गूगलचा नियम लागत नाही, आणि पुतणे तर परस्परच उतरवतात.

रिचार्ज करून देणारी ॲपं ही मुनिमाची चुलत घराणी. त्यांना आपला डेटा किती उरला ते सहसा ठाऊक नसतं. आपण त्यांच्याकडून शेवटचा रिचार्ज कधी केला आणि तो किती दिवसांचा होता एवढंच माहीत असतं, त्यावरून ती मुहूर्त काढतात. "तुमचा प्लॅन ३ दिवसांत संपतोय." मग दोन. मग आज. आपण मधे कोपऱ्यावरच्या दुकानात रोख पैसे देऊन रिचार्ज करून आलेलो असतो, पण त्यांचं सुतक चालूच. पुन्हा रिचार्ज त्यांच्याकडून करावा तर दोन-तीन रुपये वेगळे लावतात, शुल्क म्हणून. प्लॅन अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. महिना अठ्ठावीस दिवसांचा धरणारे जगात दोनच, मोबाइल कंपन्या आणि फेब्रुवारी. त्यातला फेब्रुवारी चार वर्षांतून एकदा तरी एक दिवस वाढवून देतो. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, जानेवारी २०२२मध्ये आदेश काढला की निदान एक प्लॅन तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा असा ठेवायलाच हवा. ठेवले आहेत. बॅट घेतलेला माणूस, सोनं, चाक आणि पिझ्झा यांच्या पलीकडे गेलात की सापडतात.

आता कायदाही आला आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा, २०२३चा. त्यात एक तरतूद मला फार आवडली. तुमची कुठली माहिती कशासाठी घेतोय याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय ग्राहकाला द्यायला हवी. त्या बावीस भाषांत मराठी आहे. म्हणजे आजवर आपण इंग्रजी मजकूर न वाचता 'ठीक आहे' दाबत होतो, इथून पुढे शुद्ध मराठी मजकूर न वाचता दाबू. सरकारी मराठीचा आजवरचा लौकिक पाहता 'सदर प्रयोजनार्थ आपली संमती अभिप्रेत आहे' असं काहीतरी येईल आणि भाचा म्हणेल, "हे वाचायचं नसतं गं."

तरी एक करा. रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर आणि झोप लागायच्या आधी, सेटिंगमध्ये जाऊन परवानग्यांची यादी उघडा. एसएमएसच्या खान्यात कोण कोण बसलंय ते बघा. तिथे टॉर्च, पंचांग किंवा हिरवं वर्तुळ दिसलं तर त्याला नारळ द्या. मग तिथेच जवळपास 'डेटा वापर' लिहिलेलं असतं, ते उघडा. आपला प्लॅन कुठल्या तारखेला सुरू होतो ते घाला, मर्यादा घाला, इशारा कितीला द्यायचा ते घाला. या कामाला दुसरं ॲप लागत नाही, नेट लागत नाही आणि रत्नं जुळवावी लागत नाहीत. आई-वडिलांचा, सासू-सासऱ्यांचा फोन हाताशी असेल तर तोही त्याच बैठकीत उरकून घ्या, कारण त्यांच्याकडे पुतणे-भाचे येऊन गेलेले असतात. फोनच्या आकड्यात आणि कंपनीच्या आकड्यात थोडा फरक पडेलच. पडला तर कंपनीचा खरा धरून चाला, बिल तीच करते.